मागे सरकायला जागा आहे का?

पिंपरी-चिंचवडमध्ये कॅमेऱ्यावर पोट असलेल्या माणसाचं एकाच प्रकारच्या कामावर भागत नाही. आठवड्याच्या सुरुवातीला भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपचं माहितीपत्रक, मधल्या दिवसांत रावेत किंवा मोशीतल्या सॅम्पल फ्लॅटचे फोटो, मुहूर्त असेल तर रविवारी मंगल कार्यालयात लग्न, आणि आषाढी जवळ आली की देहू-आकुर्डीच्या रस्त्यावर पालखी. यातल्या प्रत्येक कामात कधी ना कधी चौकट अपुरी पडते आणि अल्ट्रा-वाइड लेन्स घ्यावी का, हा प्रश्न उभा राहतो. दुकानात आणि जाहिरातीत या प्रश्नाचं उत्तर लेन्सच्या गुणांवरून दिलं जातं. पण लेन्स चांगली आहे की नाही, यापेक्षा ती लावून आपण कुठे उभे राहणार आहोत, यावर तिची किंमत वसूल होते की नाही हे ठरतं. हे तपासण्यासाठी दोन बाजू समोरासमोर ठेवल्या आहेत. ‘घेणारा’ तिशीतला आहे, त्याच्याकडे फुल फ्रेम कॅमेरा आणि २४-७० मिमीची झूम आहे. ‘अडवणारा’ वयाने मोठा आहे, फिल्मच्या काळापासून कंपन्यांची कामं केलेला. दोघंही कल्पनेतले आहेत, मुद्दे मात्र या पट्ट्यात रोजच्या बोलण्यातले आहेत.

घेणारा : काका, सरळ आकड्यांवर येतो. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद. समोरच्या वस्तूपासूनचं अंतर ३६ने गुणायचं आणि फोकल लेंग्थने भागायचं, तेवढी रुंदी फोटोत बसते. माझी झूम २४पासून सुरू होते, म्हणजे सहा फुटांवरून मला नऊ फूट मिळतात. आता भोसरीतल्या जुन्या शेडमध्ये मशीनच्या दोन रांगांमधला गँगवे सहा फुटांचा धरा आणि समोरचं मशीन बारा फुटी. माझ्या पाठीला दुसऱ्या रांगेतलं मशीन. मी मागे सरू शकत नाही आणि मशीन हलवता येत नाही. तिथे १६ मिमी लावली की साडेतेरा फूट बसतात, मशीन पूर्ण येतं आणि दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागाही राहते. फोकसचंही तसंच. एफ ८ला १६ मिमीची लेन्स एक मीटरच्या आसपास फोकस केली की अर्ध्या मीटरपासून शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत सगळं स्पष्ट येतं. २४ला तेच करायला गेलो तर जवळची हद्द सव्वा मीटरच्या आसपास जाते. मालकाला हातातला जॉब आणि मागची अख्खी लाइन एकाच फोटोत हवी असते, तेव्हा दुसरा इलाज काय?

अडवणारा : गणित बरोबर आहे. पण उदाहरण तू असं निवडलंस, की उत्तर तेच यावं. सहा फुटी गँगवेत बारा फुटी मशीन, अशी कामं तुझ्याकडे वर्षाला किती येतात? जरा चाकणला चल. १९९९मध्ये तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला, २००९मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आले, पाठोपाठ महिंद्रा. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांनी नंतर ज्या शेड बांधल्या, त्यांतल्या कित्येक चांगल्या ऐसपैस आहेत. तिथे चार पावलं मागे सरलास की बारा फुटी मशीन २४लाही बसतं, आणि ते मशीनसारखं दिसतं. कारण अल्ट्रा-वाइड लेन्स सरळ रेषा सरळ ठेवते आणि त्याची वसुली कडेच्या गोलाईकडून करते. १६ मिमीच्या चौकटीत आडव्या टोकाला माणसाचं डोकं आलं, तर ते दीडपट रुंद होतं. २४ला सव्वापट, ३५ला जेमतेम एक अष्टमांश जास्त. हा काचेचा दोष नाही, त्यामुळे महागातली लेन्स घेऊनही तो जात नाही. सेन्सरला समांतर असलेलं चाक किंवा गिअर कडेलाही गोलच राहील, पण उभा ड्रम, टाकी, सिलिंडर आणि ऑपरेटर फुगणार. लग्नात स्टेजवर तीस माणसांचा ग्रुप लावलास आणि मुलाकडच्या आत्याबाई टोकाला आल्या, तर अल्बम उघडल्यावर त्या आधी स्वतःला शोधणार, हे विसरू नकोस.

घेणारा : आत्याबाईंसाठी मी ३५च लावणार, त्यात वाद नाही. कार्यालयात स्टेजसमोर खुर्च्यांची पहिली रांग हलवली की मागे सरायला हवी तेवढी जागा मिळते. ग्रुप फोटोसाठी ही लेन्स नको, हे लिहून घ्या. पण यावरून लेन्स टाकाऊ ठरत नाही, कडेला काय ठेवायचं याची अक्कल लागते एवढंच ठरतं. मशीनच्या फोटोत ऑपरेटर मी मधल्या एक-तृतीयांश भागात उभा करेन आणि कडेला जमीन, छत, भिंत येऊ देईन. त्यांच्या ताणाची कुणी तक्रार करत नाही. दुसरं असं, की जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसणं हे लेन्समुळे घडत नाही, आपण किती जवळ उभे आहोत त्यामुळे घडतं. सहा फुटांवर उभं राहायची सक्ती शेडने केलेली आहे. तिथून कुठलीही लेन्स लावली तरी पुढचं हँडल मोठंच दिसणार. २४मध्ये ते तसंच दिसेल, फक्त अर्धं मशीन कापलं जाईल.

अडवणारा : हा मुद्दा मी मान्य करतो, आणि बहुतेक जण नेमका इथेच घोळ करतात. पण मग चौकटीत आणखी काय काय येतं, तेही बघ. कंपनीत फोटो काढणं म्हणजे आधी परवानगी काढणं. शेजारच्या फिक्स्चरवर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पार्ट लागलेला असतो, मागच्या फळ्यावर आजचा रिजेक्शनचा आकडा असतो, कोपऱ्यात एखादा हेल्पर सेफ्टी गॉगल न घालता उभा असतो, जमिनीवर तेलाचा ओघळ असतो. ३५ किंवा ५०ने फोटो काढलास तर तेवढा कोपरा आवरून भागतं. १६ लावलीस की अख्ख्या बेमध्ये ‘५-एस’, म्हणजे सगळी आवराआवर, करून घ्यावी लागते, आणि चालू शिफ्टमध्ये त्यासाठी लाइन थांबवायला कुणी तयार होत नाही. वर छताला एलईडी दिव्यांच्या रांगा आणि मधूनमधून उजेडाचे पारदर्शक पत्रे. वाइड लेन्स थोडी वर झुकली की ते सगळे चौकटीत येऊन चकाकी पाडतात. जास्त दिसणं हा दरवेळी फायदाच असतो, असं समजू नकोस. कंपनीचा क्वालिटी हेड फोटो पास करताना काय दिसायला हवं हे बघतो, त्यापेक्षा काय दिसायला नको हे जास्त बघतो.

घेणारा : ते आवरणं तर कामाचाच भाग आहे. आदल्या दिवशी जाऊन जागा बघून येतो तो फोटोग्राफर. आणि नको ते कापता येतं, काका. आजच्या कॅमेऱ्यांत कडा छाटूनही माहितीपत्रकाच्या पानाला पुरेल एवढं रेझोल्यूशन उरतं. जे चौकटीत आलंच नाही, ते मात्र नंतर आणता येत नाही.

अडवणारा : येतं की. कॅमेरा उभा धरून, ट्रायपॉडवर फिरवत तीन फोटो काढ आणि कॉम्प्युटरवर जोड. मशीन कुठे पळून जाणार आहे? एक पैसा न घालवता तुला १६पेक्षाही रुंद चौकट मिळेल.

घेणारा : मिळेल, आणि बंद मशीनसाठी मी तेच करतो. पण एकाच जागेवरून काढून सरळ रेषा सांभाळत फोटो जोडले, तर कडेचा ताण जेवढ्यास तेवढाच राहतो. म्हणजे तुमचा आधीचा आक्षेप जोडकामालाही लागू आहे, त्याने सुटका होत नाही. खरी अडचण हलणाऱ्या गोष्टींची. वेल्डिंगचा रोबो तीन फोटोंत तीन ठिकाणी असतो, कन्व्हेअरवरचा पार्ट पुढे गेलेला असतो, ऑपरेटरचा हात दोनदा येतो. आणि आता निम्म्याहून जास्त कंपन्या विचारतात ते फिल्मबद्दल. प्रदर्शनात स्टॉलवर लावायला दोन मिनिटांची फिल्म हवी असते. जिंबलवर कॅमेरा धरून दोन रांगांमधून चालत जायचं असतं. तिथे जोडकाम चालत नाही, लेन्सच लागते.

अडवणारा : बरं, मग फोन? २०१९मध्ये आयफोन ११ आला, तेव्हापासून १३ मिमीच्या बरोबरीची, १२० अंशांची अल्ट्रा-वाइड लोकांच्या खिशात आहे. त्याच सुमाराला सॅमसंगनेही दिली. ज्या चौकटीसाठी तू एवढे पैसे मोजायला निघालास, ती तुझ्या मालकाने फोनवर हजारदा बघितली आहे. तिची नवलाई संपलेली आहे.

घेणारा : नवलाई संपली हे खरं, आणि ते बरंच झालं. ‘काहीतरी वेगळं दिसतं’ म्हणून ही लेन्स घेणाऱ्यांचे पैसे फोनने वाचवले. पण कामाच्या ठिकाणी फोन पुरत नाही. अनेक कंपन्यांत गेटवरच फोनच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात. आत जाते ती गेटपासवर नोंदवलेली बॉडी आणि लेन्स. फोनमधल्या या कॅमेऱ्याचा सेन्सर इवलासा असतो. शेडच्या उजेडात कडा चिखलासारख्या होतात. स्क्रीनवर चालून जातं, पण स्टॉलमागच्या आठ फुटी फ्लेक्सवर नाही.

अडवणारा : मग फोनचा उपयोग मी सांगतो तसा कर. जागा बघायला जाशील तेव्हा, परवानगी असेल तिथे, आधी फोनच्या ‘पॉइंट फाइव्ह’वर फोटो काढ. मग दोन पावलं मागे सरून साध्या लेन्सने काढ. रात्री घरी दोन्ही शेजारी ठेवून बघ. दुसरा फोटो काढताच आला नाही, किंवा काढूनही पहिलाच जास्त बोलका वाटला, तर ते काम अल्ट्रा-वाइडचं. असं दोन-चार महिने केलंस की लेन्सची गरज किती आणि हौस किती, ते कळेल. तोवर फ्लॅटवर ये. तुझी अर्धी बिलं बिल्डरची आहेत आणि मला खरी धास्ती तिथलीच आहे.

घेणारा : धास्ती कसली? बिल्डरचं सांगणं एकच असतं, खोली मोकळी दिसली पाहिजे.

अडवणारा : तीच. दहा बाय बाराची बेडरूम घे. कॅमेरा दहा फुटी भिंतीला टेकवून समोरच्या भिंतीकडे रोखला. मधलं अंतर बारा फूट. २४ मिमीला समोरची भिंत चौकटीची साधारण ५५ टक्के रुंदी व्यापते. १६ला तीच भिंत ३७ टक्क्यांवर येते. तिच्यातली खिडकी दोन-तृतीयांश होऊन लांब सरकते आणि बाकीची चौकट बाजूच्या भिंती, फरशी आणि छत यांनी भरते. बघणाऱ्याला ती बेडरूम हॉलएवढी वाटते. बदल्यात नवी माहिती किती मिळाली? २४ला बाजूच्या भिंती कॅमेऱ्यापासून पावणेसात फुटांवर दिसायला लागतात, १६ला साडेचार फुटांवर. म्हणजे प्रत्येक भिंतीची जेमतेम सव्वादोन फूट पट्टी जास्त दिसते. त्या पट्टीसाठी अख्ख्या खोलीचं माप बिघडवायचं? महाराष्ट्रात १ मे २०१७पासून महारेरा आहे. रेरा कायद्याच्या कलम १२प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेतल्या खोट्या माहितीवर विसंबून गिऱ्हाइकाचं नुकसान झालं, तर प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. वाइड लेन्सने फोटो काढला म्हणून कुणी लगेच दोषी ठरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण कार्पेट एरिया चौरस फुटांत छापायचा आणि शेजारच्या फोटोत तीच खोली दीडपट लांब दाखवायची, यातली विसंगती गिऱ्हाइकाला साइटवर पाऊल ठेवताच कळते. हिंजवडीतून सुटीच्या दिवशी नवरा-बायको फ्लॅट बघायला येतात, दारात उभं राहून ‘अरे, एवढीच?’ म्हणतात. तिथे बिल्डरचं गिऱ्हाईक जातं आणि मग तुझंही.

घेणारा : आकडे मला पटले, पण त्यांची दुसरी बाजूही आहे. ५० मिमीने उशीचा कोपरा आणि पडद्याची चुणी टिपली, तर फोटो सुंदर येतो, पण खोलीत दार कुठे, खिडकी कुठे, कपाट कुठे, याचा पत्ता लागत नाही. तीही लपवाछपवीच. चार फुटी बाथरूम आणि चिंचोळं किचन तर वाइड लेन्सशिवाय दाखवताच येत नाही. फसवणूक फोकल लेंग्थमध्ये नसते, ती त्या फोटोचा दावा काय आहे यात असते.

अडवणारा : मग दावा पडताळता येईल असा फोटो काढ. खोलीत पलंग पूर्ण दिसू दे, दाराची चौकट दिसू दे. त्यांची मापं प्रत्येकाला माहीत असतात. कॅमेरा चार फुटांच्या आसपास, पातळीत ठेव, म्हणजे भिंती आत झुकणार नाहीत. बेडरूमला २०च्या खाली जाऊ नकोस आणि फोटोखाली खोलीची लांबी-रुंदी छापायचा आग्रह धर. २० मिमीला अंतराच्या १.८ पट रुंदी बसते, बहुतेक खोल्यांना तेवढी पुरते. बाथरूमला खाली जा, कारण बाथरूम मोठं वाटलं म्हणून कुणी फ्लॅट घेत नाही. म्हणजे बघ, बाथरूम सोडलं तर फ्लॅटसाठी तुला फार तर २० लागते. तेवढ्या बाथरूमसाठी १६ किंवा १४ विकत घ्यायचं कारण मिळत नाही.

घेणारा : ठीक, फ्लॅट बाजूला ठेवू. पण काका, तुम्ही सगळा वेळ ‘किती मावतं’ याच मापाने बोलताय. ही लेन्स मावण्यासाठी घ्यायची असते, असं कुणी सांगितलं? पालखी बघा. निगडीत भक्ती-शक्तीच्या चौकात गर्दी दाखवायची म्हणून १६ लावून लांब उभं राहिलं तर वारकरी मुंग्यांएवढे होतात आणि अर्धी चौकट आभाळाने भरते. गर्दीचा विस्तार दाखवायचा तर उंची लागते. उद्धव ठाकऱ्यांच्या ‘पहावा विठ्ठल’ या पुस्तकातली हवेतून टिपलेली वारी लक्षात राहते ती त्या उंचीमुळे. अल्ट्रा-वाइडचं काम उलटं आहे. टाळ वाजवणाऱ्या हातापासून दीड-दोन फुटांवर जायचं. हात मोठा येतो, त्यामागे चेहरा, त्यामागे दिंडीची पताका, सगळं एकाच चौकटीत आणि सगळं फोकसमध्ये. माणूस आणि त्याच्या भोवतीची जागा एकत्र दाखवायला मला दुसरी लेन्स माहीत नाही. शॉप फ्लोअरवर डाय बसवणाऱ्या कारागिराचा फोटोही असाच काढायचा असतो.

अडवणारा : आता तू कामाचं बोललास. मावण्यासाठी नको, जवळ जाण्यासाठी हवी, हे कारण मी मानतो. फक्त त्याला एक अट आहे, जवळ जायची हिंमत आणि परवानगी दोन्ही पाहिजे. दोन फुटांवर लेन्स आली की माणूस अवघडतो. ज्याला लांबून, न बोलता फोटो काढायची सवय आहे, त्याच्याकडे ही लेन्स बॅगेतच राहते. मी स्वतः ती कुठे वापरेन, तेही सांगतो. लोकलने मळवलीला उतरून कार्ल्याला जा. चैत्यगृह सुमारे ४५ मीटर लांब आणि १४ मीटर उंच. आत खांबांच्या रांगांमधून स्तूपाकडे बघताना मागे सरायला भरपूर जागा आहे, तिथे २४ पुरते आणि खांबांचा ठेका तिच्यात जास्त नेमका येतो. पण प्रवेशाच्या ओसरीत ये. दोन्ही टोकांना भिंतीतून पुढे आलेले हत्ती, वर मजल्यावर मजले कोरलेले, आणि समोरची भिंत बघायला मागे सरलास की पाठीला पुढची भिंत लागते. तिथे १६शिवाय इलाज नाही. एकाच लेण्यात दोन उत्तरं मिळतात आणि दोन्ही तुझ्या पाठीमागे किती जागा आहे, त्यावरून ठरतात. डोंगरातही तेच. चाकणवरून नाशिक रस्त्याने हरिश्चंद्रगडाला जाणारे सगळे कोकणकड्यासाठी वाइड लेन्स घेऊन जातात, आणि ती बरोबरच आहे. कड्याचा अर्धगोल दोन्ही अंगांनी आपल्याला वेढतो आणि मागे सरलं की कडाच दिसेनासा होतो. उलट भक्ती-शक्तीच्या १०७ मीटरच्या ध्वजासाठी अल्ट्रा-वाइड लावणं म्हणजे चालायचा कंटाळा. रस्ता ओलांड आणि मागे जा, ध्वज बसतो.

घेणारा : मग तत्त्वावर आपण एकच बोलतोय. पैशावर या.

अडवणारा : पैशाचं सोपं आहे. धरून चालू, की लेन्स ९०,००० रुपयांची आहे आणि तीन वर्षांनी निम्म्या किमतीत जाते. म्हणजे झीज ४५,०००ची. तीच लेन्स पुण्यात भाड्याने दिवसाला १,५०० रुपयांना मिळते असं धर. ४५,००० भागिले १,५००, तीस दिवस. तीन वर्षांत तीस, म्हणजे वर्षाला दहा. वर्षाला दहापेक्षा जास्त दिवस ती खरोखर लागणार असेल तर घे, कमी लागणार असेल तर भाड्याने आण. तुझ्या भागातले खरे भाव घालून हाच हिशेब पुन्हा कर, दहाचे आठ होतील किंवा पंधरा होतील, पण रीत बदलणार नाही. आणि किती दिवस लागेल हे अंदाजाने ठोकू नकोस. प्रत्येक फोटोत फोकल लेंग्थ नोंदलेली असते. गेल्या वर्षाचे गिऱ्हाइकाला दिलेले फोटो काढ, २४वर काढलेले वेगळे कर आणि त्यांतून मागे सरता आलं असतं ते वगळ. उरतील तेवढे दिवस तुझे.

घेणारा : तुम्ही जीएसटी विसरलात. लेन्सवर १८ टक्के कर आहे. माझी नोंदणी आहे, पक्कं बिल घेतलं तर इनपुट क्रेडिट मिळतं. घसाराही मिळतो.

अडवणारा : क्रेडिट भाड्याच्या बिलावरही मिळतं, तेव्हा त्याने तराजू कुठेच झुकत नाही. आणि ज्या कराचं क्रेडिट घेतलंस, त्या रकमेवर पुन्हा घसारा मागता येत नाही. घसारा साधारण १५ टक्क्यांनी वर्षावर्षाने मिळतो, त्याने कर थोडा कमी होतो, लेन्स फुकट होत नाही. ज्याची उलाढाल सेवेच्या २० लाखांच्या मर्यादेखाली आहे आणि नोंदणी नाही, त्याला तर क्रेडिटही नाही. ‘टॅक्समध्ये जाते’ म्हणून वस्तू घेणारे निम्मे लोक तीस रुपये वाचवायला शंभर खर्च करतात. एक मात्र खरं, बिनबिलाचा स्वस्त माल घेऊ नकोस. क्रेडिट जातं आणि वॉरंटीही.

घेणारा : भाड्याच्या हिशेबात एक खर्च तुम्ही धरला नाही. मुहूर्ताच्या दिवशी आणि पालखीच्या आठवड्यात भाड्याची लेन्स सगळ्यांनाच हवी असते, नेमकी तेव्हा मिळत नाही. ती आणायला-पोचवायला दोनदा पुण्यात जा, अनामत भरा. आणि मुख्य म्हणजे हात बसत नाही. या लेन्सला कॅमेरा दोन अंश झुकला तरी रेषा पडतात, कडेला काय शिरलं ते सतत बघावं लागतं. वर्षातून सहा वेळा हाताळून ते येत नाही. जी लेन्स वापरायला शिकावी लागते, ती जवळ असावी लागते.

अडवणारा : हा मुद्दा वजनदार आहे. त्यासाठी दहाचे सात कर, मी हरकत घेणार नाही. पण मग कुठली घ्यायची, तेही ठरव. ‘घ्यायची तर बेस्टच’ म्हणून एफ २.८च्या मागे लागू नकोस. निकॉनची २००७ची १४-२४ एफ २.८ नावाजलेली, पण जवळजवळ किलोभर वजनाची, आणि पुढची काच अशी फुगीर की साधा फिल्टर तिच्यावर बसत नाही. सीएनसीचं दार उघडं ठेवून फोटो काढताना कूलंटचा शिंतोडा येतो, ग्राइंडिंगजवळ बारीक कण उडतात. तिथे पुढे फिल्टर लावता आलाच पाहिजे, शिंतोडा उडाला तर तो पुसायचा किंवा बदलायचा. तू शेडमध्ये ट्रायपॉडवर एफ ८लाच काम करणार, एफ ४ची लेन्स पुरते. एफ २.८ लागते ती कोकणकड्यावर रात्री तारे टिपायला, आणि त्या कामाचं बिल कुणी देत नाही. दुसरा मार्गही आहे. २०२३मध्ये सोनीची २०-७० आणि टॅमरॉनची १७-५० आली, दोन्ही एफ ४. तुझ्या कॅमेऱ्याला अशी एखादी बसत असेल, तर २४-७० विकून तीच घे. वेगळी लेन्स लागणार नाही, आणि धुळीच्या शेडमध्ये लेन्स बदलायचीही वेळ येणार नाही. जुनी मिळाली तरी चालेल. फक्त विटांच्या भिंतीचा फोटो काढून चारही कोपरे सारखे स्पष्ट आहेत का बघ, आणि टॉर्च मारून आत बुरशी नाही ना, याची खात्री कर. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती लागतेच.

संवाद इथवर आला की दोघांत मतभेद उरतो तो थोडा, आणि तो नेमका कुठे आहे हे स्पष्ट होतं. घेणाऱ्याने ग्रुप फोटो आणि बेडरूम सोडून दिल्या. अडवणाऱ्याने अरुंद शेड, चालती लाइन, फिल्म आणि जवळून टिपायचा माणूस मान्य केला. लेन्सच्या बाजूने दिलं जाणारं सगळ्यात लोकप्रिय कारण, म्हणजे ‘जास्त मावतं’, तेच सगळ्यात लंगडं निघालं. मोकळ्या जागेत जास्त मावून घ्यायला पाय पुरतात. बंद जागेत मावलेलं सगळंच हवं असतं असं नाही, आणि विकायच्या खोलीच्या बाबतीत ते दिशाभूलही करू शकतं. उरली ती दोन कारणं. एक, पाठीमागे भिंत किंवा मशीन असणं आणि समोरचं दृश्य तुकड्यांत काढून जोडता न येणं. दोन, माणसाच्या किंवा वस्तूच्या अगदी जवळ जाऊन तिच्यामागची जागाही दाखवायची असणं.

यावर एक आक्षेप राहतो. इतका हिशेब करून कुणी कला करतं का, हौसेला जागा ठेवायची की नाही? जरूर ठेवावी. पगारातून किंवा नफ्यातून बाजूला काढलेल्या पैशांची हौस कुणाला विचारून करायची नसते, आणि कोकणकड्यावरचे तारे टिपायला लेन्स घेणाऱ्याला दहा दिवसांचं गणित लागू नाही. अडचण हौसेची नाही, हौस धंद्याच्या खात्यात दाखवण्याची आहे. हप्त्यावर घेतलेली लेन्स कामं आणून देईल, ही आशा या पट्ट्यात अनेकांना महागात पडू शकते. कारण इथे काम मिळतं ते ओळखीवर, वेळेवर पोचण्यावर आणि पास होणाऱ्या फोटोवर. अमुक एक लेन्स आहे म्हणून वर्कऑर्डर निघत नाही. वर्कऑर्डर आल्यावर लेन्स लागते.

म्हणून निर्णय माणसागणिक वेगळा येईल. फक्त लग्नं करणाऱ्याने ही लेन्स घेऊ नये. मांडवाचा एखादा रुंद फोटो २४ला मिळतो आणि एवीतेवी तो अल्बममध्ये एकदाच लागतो. फक्त फ्लॅट करणाऱ्याला २०पर्यंत जाणारी झूम पुरेशी आहे. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि १८-५५ किट लेन्स असणाऱ्याची रुंदी आजच २७-२९ मिमीच्या बरोबरीला अडकलेली असते, त्यामुळे त्याला १०-१८सारख्या हलक्या, स्वस्त लेन्सने सगळ्यात मोठा फरक पडतो. त्याने फुल फ्रेमची महागडी वाट धरायच्या आधी ही लेन्स बघावी. आणि ज्याच्याकडे भोसरी-चाकणच्या कंपन्यांची फिल्मची कामं नियमित येतात, जुन्या शेडमध्ये ज्याचा खांदा रोज मशीनला घासतो, त्याने गेल्या वर्षाचे दिवस मोजून ते सात-आठच्या वर गेले की एफ ४ची, फिल्टर बसणारी अल्ट्रा-वाइड घ्यावी, पक्क्या बिलावर, आणि पुढचा महिनाभर रोज हाताळावी. दिवस कमी भरले तर पुढच्या वर्षी पुन्हा मोजावेत, तोवर भाड्याचं दुकान आहेच.